वयाइतकी मिनिटं

“रडणं थांबव, मगच दार उघडेन,” मी बाहेरून जाईला दरडावलं. तान्ह्या भावाला ती आज दुसऱ्यांदा चावली होती. बालवाडीच्या बाई म्हणाल्या होत्या, मारू नका. खोलीत एकटं बसवा, वयाची जितकी वर्षं तितकी मिनिटं. चार मिनिटं झाली, रडणं थांबलं. मी दार ढकललं, तर ते हललंच नाही. चार वर्षांच्या पोरीने आतून खालची कडी घातली होती.

“कडी काढ, जाई.”

“नाही.”

मग मला खिडकी आठवली. तिसरा मजला, खिडकीला लागून पलंग, आणि ग्रील बसवायचं आम्ही दिवाळीवर ढकललेलं. शेजारचे काका सुताराला आणायला धावले. दारावर थापा मारता मारता मी रडायलाच लागले.

“रडणं थांबव, मगच दार उघडेन,” आतून आवाज आला. अगदी माझ्याच सुरात. मी ओढणी तोंडात कोंबली.

“आई, तू किती वर्षांची?”

“चौतीस.”

दाराखालच्या फटीशी तिची सावली येऊन बसली. “एक,” ती मोजू लागली. “दोन. तीन.”

मोजतेय तोवर ती दाराशी आहे, एवढाच मला धीर होता. कडेवरच्या बाळाला थोपटत मी प्रत्येक आकड्याला हुंकार देत होते. पण जाईला वीसपर्यंतच येतं.

“वीस,” ती म्हणाली आणि गप्प झाली. फटीतली सावली गेली. पलंग करकरला.

“एकवीस!” मी दाराला तोंड लावून ओरडले. “एकवीस म्हण गं राणी, आईची शिक्षा अजून संपली नाही.”