मागची सीट

वायरमनने किल्ली फिरवली. गाडी ढिम्म. डॅशबोर्डवरचा लाल दिवा जेमतेम लुकलुकला आणि विझला.

"काल पहिल्या झटक्यात सुरू झाली म्हणे," शेडच्या दारातून मुलगा वैतागून म्हणाला. "आज बघा. एक दिवस चालते, दोन दिवस रुसते." त्याच्या शेजारी त्याची आई उभी होती. सत्तरी ओलांडलेली, पण ताठ.

वायरमनने बॉनेट उघडलं तसा मुलगा जवळ सरकला.

"बाबांना जाऊन तीन महिने झाले. आई इथे एकटी. शेजारी सांगतात, गाडीत बसून बोलत असते. गाडी आज धड झाली तर ठीक, नाहीतर विकतो आणि हिला माझ्याकडे नेतो. तिला यायचं नाहीये. पण रस्त्यात कुठे अडकली तर?"

वायरमनने मान डोलावली. जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्याची तीस वर्षं गेली होती. फ्यूज चांगले होते. किल्लीचा स्विच चांगला होता. सोबत आणलेली बॅटरी जोडल्यावर सेल्फ ठणठणीत फिरला. म्हणजे दोष मागे, गाडीच्या बॅटरीपाशी. ती मागच्या सीटखाली होती.

सीट डाव्या बाजूला खोलगट झाली होती.

"ह्यांची जागा," आई म्हणाली. "नजर गेल्यापासून हे मागे बसायचे. गाडी मी चालवायचे. जरा सांभाळून उचला."

बॅटरी भरलेली होती. पण तिच्यापासून गाडीच्या पत्र्याला जाणाऱ्या वायरचा बोल्ट गंजून ढिला झाला होता. वायरचं टोक पत्र्यापासून केसभर वर तरंगत होतं. त्याच्या नेमकं वर सीटची स्प्रिंग; ती दबली, तरच वायर पत्र्याला टेकणार.

वायरमनने सीट परत बसवली, मुलाला किल्ली फिरवायला सांगितली आणि सीट दोन्ही हातांनी दाबली. काही नाही. अवजारांची जड पेटी ठेवली. तरी नाही.

"तुम्ही बसा," तो मुलाला म्हणाला. "इथे, डावीकडे."

मुलगा बसला. स्प्रिंग करकरली. आईने पुढे बसून किल्ली फिरवली आणि गाडी धडधडत सुरू झाली. मुलगा उतरला, आईने गाडी बंद करून पुन्हा किल्ली फिरवली. ढिम्म. तो बसला, सुरू. चार वेळा करून पाहिलं. चारही वेळा तेच.

मुलगा मागे बसल्या बसल्या मोकळेपणाने हसला. "बघ आई, नुसता वजनाचा खेळ! मी उगाच काय काय मनात आणत होतो. दोन मिनिटांचं काम."

आईने गाडी बंद केली. स्टिअरिंगवरचे हात मात्र काढले नाहीत.

"म्हणजे मागे कुणी बसल्याशिवाय ही सुरूच होत नाही?"

"शक्यच नाही, काकू," वायरमन पाना शोधत म्हणाला. "अख्खा माणूस लागतो."

"पण तीन महिने मी एकटीच जातेय. बाजारात, दवाखान्यात. काल लायब्ररीत गेले होते."

पाना वायरमनच्या हातात तसाच राहिला. त्याने आठवून पाहिलं, आपलं कुठे चुकलं. सीट त्याने स्वतःच्या हातांनी दाबली होती. पेटीही स्वतःच ठेवली होती. मागे मुलाचं हसू कधी थांबलं, ते त्याला कळलं नाही. त्याने वळून पाहिलं, तेव्हा मुलगा अंग चोरून हळूहळू उजवीकडे सरकत होता.

"बोल्ट आवळू ना, काकू?" वायरमनने हळूच विचारलं.

"आवळला की मागे कुणी नसलं तरी सुरू होईल?"

"होईल. रोज."

तिने समोरच्या आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मग नको," ती म्हणाली. "हे आलेत की नाही, ते मला कळणार कसं?"