बुधवारचा खण

डबी उत्पलाच्या मांडीवर होती आणि बुधवारचं झाकण उघडं होतं.

सुमेधा दारातच थबकली. सात वारांच्या सात खणांची ती प्लॅस्टिकची डबी आईच्या कॉटवरच्या फळीवर असायची. आईला जाऊन तेरा दिवस झाले, जलदानविधी झाला, पाहुणे नांदेडला परतले, तरी डबी तिथेच होती. काढून ठेवायला कुणाचा हात गेला नव्हता. आई मंगळवारी दुपारी गेली. म्हणून सोमवार आणि मंगळवार रिकामे. गुरुवारपासून रविवारपर्यंत झाकणं बंद, आत एकेक पांढरी गोळी. बुधवारची असायला हवी होती.

नव्हती.

"तोंड उघड. आऽ कर. उत्पला, आऽ!"

दीड वर्षाच्या लेकीने ओठ घट्ट मिटले. सुमेधाने गाल दाबून बोट आत घातलं. चार कोवळ्या दाढा, जीभ, लाळ. बाकी काही नाही. पोर भोकाड पसरून रडायला लागली. सुमेधाने चादर झटकली, कॉटखाली हात फिरवला, फ्रॉकचे खिसे उलटे केले. परवाच उत्पलाने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने झाकण उघडलं होतं, बिस्किटांच्या डब्याचं. इतक्या दिवसांनी घरात टाळ्या वाजल्या होत्या.

रडणं ऐकून समोरच्या रफिया आपा आल्या. हाताला कणीक तशीच.

"क्या हुआ? गिरी क्या?"

"आपा, आई की बीपी की गोली खा ली शायद."

"कित्ती?"

"एक."

"एकीच ना? एक से कुछ नै होता. डरो नक्को."

पण सुमेधाने दवाखान्यात फोन लावला, तेव्हा डॉक्टरबाईंनी गोळीचं नाव विचारलं, पॉवर विचारली.

"देखो अम्मा, इत्ती छोटी बच्ची को एक भी बहुत होती. उल्टी नक्को कराओ. सोने नक्को देव. इससे सुस्ती आती, चक्कर आते, फिर प्रेशर एकदम गिरता. फौरन इमर्जन्सी में लेके आओ."

सुस्ती, चक्कर. आईचीही हीच तक्रार होती. 'गोळी घेतली की अंधारी येते गं. ही पोर तर दिवसभर पळत असते, पाठीमागं धावू कशी?' सुमेधा लॅपटॉपची बॅग खांद्याला लावता लावता म्हणायची, 'होईल सवय.' डबी दर रविवारी तीच भरायची. संध्याकाळी ऑफिसातून आली की आधी त्या दिवसाचा खण बघायची. रिकामा दिसला की तिला बरं वाटायचं.

आपा रिक्षा थांबवायला खाली धावल्या. सुमेधाने गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये कोंबलं आणि उत्पलाला कडेवर घेतलं. पोरीचं रडणं थांबलं होतं. मान सुमेधाच्या खांद्यावर कलली, पापण्या मिटू लागल्या. रडून दमली म्हणून, की सुरू झालं?

"झोपू नको. ए, इकडे बघ. झोपू नको ना गं माझी बाई."

तिने पोरीला हलवलं. गालावर पाणी लावलं. खालून आपांची हाक आली, "सुमेधा, ऑटो आ गया! उतरो जल्दी!"

एका पायात चप्पल सरकवताना, उत्तराची काही आशा नसताना, ती म्हणाली, "कुठंय गं गोळी? आजीची गोळी कुठंय?"

उत्पलाने डोळे उघडले.

"गोई," ती म्हणाली आणि हात बाल्कनीकडे केला.

सुमेधा वळली. बाल्कनीत येताच उत्पला तिच्या कडेवरून घसरत खाली उतरली, कढीपत्त्याच्या कुंडीपाशी उकिडवी बसली आणि मातीत बोट खुपसलं. वरच्या वर गोळी होती. पांढरी, कोरडी, अख्खी.

सुमेधाने वाकून ती उचलली. गोळी मुठीत धरून तिने पोरीला छातीशी आवळलं. मग कठड्यावरून वाकून ओरडली, "आपा, मिल गई! कुंडी में थी, खाई नै उसने!"

"शुक्र है अल्ला का!" आपांचा आवाज खालून आला. "कुंडी में डाली क्या शैतान!"

सुमेधा खूश झालेली बघून उत्पलाला चेव आला. मिठीतून सुटून ती पुन्हा कुंडीपाशी गेली.

"आजी," असं म्हणत तिने आणखी खोल उकरलं.

दुसरी गोळी निघाली. ती ओलीने फुगलेली होती. तिसरी हातात घेताच भुगा झाली. सुमेधाने बोट घातलं. मुळांच्या बाजूने, काळ्या मातीत, खडूसारखे पांढरे ठिपके होते. जितकं उकरावं तितके. काही ठिकाणी गोळी उरलीच नव्हती, मातीला नुसता पांढरा डाग होता.

'नाही डॉक्टर, एकही गोळी चुकलेली नाही,' असं तिने त्या मंगळवारी कॅज्युअल्टीत सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं.

खाली आपा रिक्षावाल्याला समजावत होत्या. उत्पलाने माती दोन्ही हातांनी पुन्हा सारखी केली, वरून थापटली. मग मातीचं बोट आधी स्वतःच्या ओठांवर ठेवलं, नंतर सुमेधाच्या.

"शूऽऽ," ती म्हणाली.