खिडकीतले हात

दुपारी टोलनाक्यावर माणसं येत नाहीत, हात येतात. कॅबिनची खिडकीच अशी बेतलेली, की गाडीतला चेहरा सावलीत राहतो आणि उन्हात येतो तो फक्त हात. लांबवर रस्ता तापून पाण्यासारखा हलत असतो. त्या पाण्यातून एक गाडी वर येते, थांबते, हात बाहेर येतो, पावती घेतो, आत जातो. आडवा दांडा उचलला की गाडी पलीकडच्या पाण्यात बुडते. दिवसभर हेच.

"लसूण आला गं!" शेजारच्या खिडकीतून मामीने तिला हाक दिली.

मामी तशी कुणाचीच मामी नव्हती. हातांना नावं ठेवायची खोड तिचीच. भाजीच्या टेम्पोवाला तो लसूण, नखं रंगवणारी डॉक्टरीण ती गुलाबो, दारावर बोटांनी ताल धरणारा तो उस्ताद. यांची तोंडं बाजारात समोर आली असती तर दोघींनी ओळखली नसती. हात मात्र कुठेही ओळखले असते.

"उद्यापासून मशीन बघेल यांच्याकडे," मामी म्हणाली. "काचेवरचा स्टिकर दिसला की दांडा आपोआप वर. सुटलो बाई एकदाचे! या खुर्चीने कंबरेचं पार भुसकट केलंय."

तिने लसणाच्या हातात पावती ठेवली. तिला सुटायचं नव्हतं. ही नोकरी तिने हातांसाठीच धरली होती.

या रस्त्यावर बायका हरवायच्या. काही मागाहून सापडायच्या, रस्त्याखालच्या मोरीत नाहीतर झुडपात. मारणारा कधीच सापडायचा नाही. तिची धाकटी बहीण तर सापडलीच नाही. बसथांब्यावर उभी होती, एक गाडी थांबली, एवढंच कुणीतरी पाहिलेलं. पोलिसांनी हात टेकले. आई मात्र एकच वाक्य धरून बसली. "चावली असणार गं ती. चावल्याशिवाय गेली नसणार."

धाकटी होतीच चावरी. चांगल्या मोठ्या झाल्यावर एका स्वेटरवरून दोघींची जुंपली, तेव्हा तिने ताईच्या मनगटाचा असा चावा घेतला की टाके घालावे लागले. खूण अजून होती. दातांची अर्धी कमान आणि कमानीच्या बाहेर एकटाच उभा एक सुळा. रांगेत उभं राहायला तयार नाही, अगदी मालकिणीसारखा, असं घरात सगळे त्या दाताला म्हणायचे.

म्हणून पावती देताना ती मनगट बघायची. येईल त्याचं. झोपेतसुद्धा तिच्याकडे हात यायचे, पाण्यातून मासे वर यावेत तसे, हळूच पालथे व्हायचे, आणि सगळे कोरे निघायचे.

"ऊठ बाई, तुझे घड्याळकाका आले!"

निळी गाडी खिडकीशी लागली. हे तिचे लाडके. भलत्याच हातात, उजव्या मनगटावर, रुंद पट्ट्याचं घड्याळ घालायचे, म्हणून घड्याळकाका. पावती घेताना पेपरमिंटची गोळी ठेवायचे. 'दमलीस का बेटा,' म्हणायचे. आईच्या खोकल्याची चौकशी करायचे. गोळ्या ती घरी न्यायची. आई त्या चघळत म्हणायची, "भला माणूस आहे हो. जगात आहेत अजून अशी माणसं."

हात बाहेर आला. तळव्यावर गोळी होती. मनगट उघडं होतं.

"घड्याळ कुठे गेलं, काका?"

"पट्टा तुटला गं. टाकलंय दुरुस्तीला."

पट्ट्याखालची कातडी फिकी होती, ऊन न लागलेली. त्या फिक्या पट्टीत दातांची अर्धी कमान होती आणि कमानीच्या बाहेर एकटाच उभा एक दात.

तिला वाटलं, आपला डोळा लागलाय. हा हात झोपेतला आहे, आता पालथा होईल आणि कोरा निघेल. ती वाट बघत राहिली. तो कोरा झाला नाही.

"हे काय झालं होतं?"

"ते होय? कुत्रं चावलं होतं. जुनं आहे." आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "घे ना गोळी."

तिला आईचं तोंड आठवलं, गोळी या गालातून त्या गालात फिरवणारं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने गोळी घेतली नाही. डाव्या हाताने तो हात धरला, उजवी बाही दातांनी वर ओढली आणि आपलं मनगट त्याच्या शेजारी उन्हात ठेवलं. दोन्ही खुणा एकाच तोंडातून आलेल्या होत्या.

काका हसले. "तुलाही चावलं होतं का कुत्रं?"

"नाही काका. बहीण."

त्या हाताला घाई करताना तिने कधी पाहिलं नव्हतं. त्याने हिसका दिला, पुन्हा दिला, बोटं खिडकीच्या कडेवर आपटली. गोळी डांबरावर पडून गाडीखाली गेली. तिने दोन्ही हातांची पकड घट्ट केली आणि पाय चौकटीला रोवले. दांडा आडवाच होता. मागे एक हॉर्न वाजला, मग दुसरा, मग सगळेच वाजायला लागले.

"अगं, झोपलीस की काय!" मामी ओरडली. "दांडा उचल! सोड की त्यांना, मागे केवढी रांग लागलीय!"

"तू पोलिसांना फोन लाव, मामी," ती म्हणाली. "रांग लागू दे. आम्हीपण थांबलोच की."