परसातली परीक्षा

केशरला एवढ्यात लग्न नको होतं, आधी बी.एस्सी. पुरी करायची होती. पण श्रीगोंद्याहून पाहुणे आलेच. मुलाच्या आईने, भागूबाईंनी, परसातलं एक रोप उपटून तिच्यापुढे धरलं. "वळख बरं पोरी, हे काय हाय?"

पानं गाजरासारखी कातरलेली, पण खोड उभं, लवदार, आणि शेंड्याला बारीक पांढरी फुलं. तण आहे, हे केशरने बघताक्षणीच ओळखलं. एवढंही न कळणारी सून कोण करील? पाहुणे आल्या पावली परत जातील. ती गंभीरपणे म्हणाली, "गाजर."

 

"कुंकू आना गं!" भागूबाई हरखून ओरडल्या. "आमचा बन्सीबी म्हयनाभर गाजर म्हनून ह्यालाच पानी घालतोय. असा जोडा शोदून घावायचा न्हाई!"