कारण निवडा

फोन वाजला. ‘आज फक्त पाच मिनिटं! बाबांना कुशीवर वळवायला शिकू या.’ खाली हसरा चेहरा.

बाबांना जाऊन आठ दिवस झाले होते. रोज सकाळी अकराला हा मेसेज न चुकता येत होता.

“मास्तरीणबाई, भरली बघ तुझी शाळा,” दादा तिला म्हणाला. तो बाबांची गादी गुंडाळत होता. भाड्याचा पलंग परत न्यायला आलेला पलंगवाला पाना शोधत होता.

घरी आजाऱ्याची काळजी कशी घ्यावी, हा ऑनलाइन कोर्स तिनेच तयार केला होता. बाबांना घरी सोडताना हॉस्पिटलने तिचं नाव त्यात घातलं. तिसऱ्या धड्यावर तिने तो सोडला. बाबांना वळवायचं की वळवण्याचा व्हिडिओ बघायचा, दोन्ही एका वेळी होईना.

तिने ऑफिसातल्या प्रोग्रामरला फोन लावला.

“माझे मेसेज बंद कर.”

“मॅडम, ते तुमच्याच फोनवरून होतं. ‘कोर्स सोडायचा आहे’ दाबा, मग कारण निवडा.”

“दाबलं. चार कारणं आहेत. वेळ नाही, अवघड वाटतं, कंटाळा आला, नंतर करेन. यातलं कुठलं निवडू?”

“‘इतर’ होतं. तुम्हीच काढायला लावलंत. लोक डोळे मिटून तेच दाबतात म्हणून.”

“माहितेय मला.”

“मी तेव्हा विचारलं होतं, पेशंट गेला तर काय.”

“आणि मी म्हणाले, असलं काही दिसलं की शिकणाऱ्याचा धीर जातो. सगळं आठवतंय. तू सरळ बंद करून टाक ना.”

“कारणाशिवाय मलाही करता येत नाही. नियम तुमचाच आहे.” मग जरा मऊ आवाजात, “नवं कारण टाकतो मी. संध्याकाळपर्यंत होईल. फक्त शब्द द्या. तीन-चारच, बटणावर मावतील असे.”

बटणावर मावतील असे शब्द लिहिण्यात तिची सहा वर्षं गेली होती.

“कळवते,” ती म्हणाली.

मागे पलंगवाला वैतागला होता. पलंगाची डोक्याकडची बाजू खाली करायचा दांडा जागचा हलत नव्हता. ती पुढे झाली. दांडा आत दाबला, अर्धा फेरा उलटा घेतला आणि मग फिरवला. पलंग सावकाश, हिसका न बसता सपाट झाला.

“हे कुणी शिकवलं तुम्हाला, ताई? आम्ही गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकतो.”

“चुकलं की बाबा ओरडायचे. दोन दिवसांत आलं.”

दादा हसला. मग गादीला बांधलेली दोरी सोडून पुन्हा बांधू लागला.

फोन पुन्हा वाजला. ‘बाबा तुमची वाट बघताहेत!’ पहिल्या मेसेजला दाद दिली नाही, तर अर्ध्या तासाने हा जायचा. मेसेजमध्ये पेशंटचं नातं घातलं की दीडपट लोक परत येतात, हे तिने आकड्यांनिशी पटवून दिलं होतं.

तिने तिरीमिरीत ‘कोर्स सोडायचा आहे’ उघडलं आणि ‘अवघड वाटतं’वर बोट मारलं.

‘हरकत नाही! आपण पुन्हा पहिल्यापासून, सावकाश शिकू या.’

तिने कपाळावर हात मारून घेतला. अवघड वाटणाऱ्याला असं सोडून द्यायचं नाही, हेही तिचंच.

पहिला धडा उघडला. त्यात चित्र नव्हतं, आवाज नव्हता. फक्त तीन ओळी. त्या तशाच राहाव्यात म्हणून ती एका मीटिंगमध्ये सगळ्यांशी भांडली होती.

‘हात लावण्याआधी बाबांना हाक मारा.
त्यांच्या उत्तराची वाट पाहा.
उत्तर आलं की ‘पुढे’ दाबा.’

पलंगवाल्याने पलंगाचा शेवटचा भाग बाहेर नेला. खोलीत त्याच्या पायांचे चार ठसे तेवढे उरले. ती त्या ठशांच्या मध्ये फोन धरून उभी होती. अंगठा ‘पुढे’च्या वर, पण टेकलेला नाही.

“झालं का एकदाचं बंद?” दादाने विचारलं.

तिने त्याच्याकडे न बघता, हातानेच त्याला गप्प राहायची खूण केली.