खिडकीची जागा

या नाताळात वस्तू द्यायच्या नाहीत, सगळ्यांनी मिळून एक दिवस बाबांच्या मनासारखा घालवायचा, असं आम्ही भावंडांनी ठरवलं. बाबा बस चालवतात. लांब कुठेतरी जायचं म्हणतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "माझ्याच रोजच्या बसने जाऊ. आज गाडी दुसरा कुणीतरी चालवेल."

"सुट्टीच्या दिवशीही बसच?" आईने कपाळाला हात लावला.

खिडकीची जागा बाबांनी हट्टाने घेतली. डोंगरातल्या मोठ्या वळणावर ते एकदम ताठ झाले आणि काचेला नाक लावून बघत राहिले.


"अगं, इथे खाली तळं आहे," ते आईला म्हणाले. "इतकी वर्षं हे वळण घेतोय, पण मान वळवायची सोय कुठे होती?"