स्वागताचा नारळ

मुलांच्या सुरक्षिततेहून विद्यापीठाला मोठे काहीच नव्हते, म्हणून सातवीचा वर्ग सकाळपासून फाटकाबाहेर उन्हात बसून होता. आवारात दिवसभरात होणारे अपघात फाटकाला आधीच दिसत, आणि एक जरी दिसला तरी ते उघडत नसे.

"शार्दूल भिसे, डावी भुवई, दोन टाके," फाटक पुन्हा गोड आवाजात म्हणाले. "कारण, स्वागताच्या नारळाची उडालेली करवंटी."

दोडकेबाईंनी कपाळाला हात लावला. देवमाशाचा सांगाडा दाखवते, असा शब्द देऊन त्यांनी परभणीहून मुले आणली होती.

"मग नारळ फोडू नका ना!" त्या सुरक्षा अधिकाऱ्यांवर खेकसल्या.

"असं कसं, मॅडम? कुलगुरूंच्या हस्ते आहे," काळसेकर म्हणाले. "पत्रिकेत छापलंय."

"बरं, फोडून झाल्यावर सोडा."

"मुलं समोर नसली तर स्वागत धरत नाहीत. आणि स्वागताशिवाय आत प्रवेश नाही."

"मी शार्दूलला मागे उभा करते."

"मग ऋतुजा पांढरे, वरचा ओठ," फाटक म्हणाले.

शार्दूल उठून पुढे आला. "बाई, मला टाके चालतील. पण देवमासा बघायचाय."

"नियमात बसत नाही रे, बाळा," काळसेकर हळहळले.

कुलगुरूंना पुढे दुसरा कार्यक्रम होता. त्यांनी गजांपलीकडे नारळ फोडला आणि बाहेरच्या मुलांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. मुले फाटकाबाहेर होती, म्हणून हे स्वागत धरले गेले नाही. दोडकेबाईंनी बस वळवायला सांगितली.

नारळ नासका निघाला.